डिस्क जागी होईपर्यंत

आमच्या वावाऊ बेटावर बापाच्या बहिणीपुढे कुणाचं काही चालत नाही, खुद्द बापाचंही नाही. कालोलाइने आत्या आमच्या छोट्या रेडिओ केंद्रावर निवेदिका आणि मी, सायमोने, तिथला तंत्रज्ञ. तेव्हा हुकूम कोण सोडतं हे सांगायला नको.

त्या रविवारी सकाळीच बेटाची वीज गेली, फोनचा मनोराही बंद पडला. आम्ही जनरेटर लावला. वायरलेसवर नुसतं ऐकता येत होतं; त्यावर कळलं, की वादळ वळलंय आणि आमच्याकडेच येतंय. आमच्या चर्चचं गायकमंडळ पलीकडच्या बेटावर गेलं होतं. तिथली उपासना आटोपली की ते होडीनं परत निघणार होते. त्यांत आत्याची एकुलती एक लेक, लुपे. त्यांना थांबवायला आता फक्त आमचा रेडिओ उरला होता, आणि ज्या संगणकातून रेडिओचं सगळं जातं तोच सुरू होईना.

काळा पडदा आणि त्यावर एकच तक्रार: मुख्य डिस्क सापडत नाही. मी बंद करून पुन्हा चालू केला, वायरी काढून लावल्या. प्रत्येक वेळी तेच. मी टेबलावर मूठ आपटली.

"देवाच्या वारी, रविवारी, कामाला हात लावला ना, म्हणून हे," मी म्हणालो.

"जीव वाचवणं म्हणजे काम नव्हे," आत्या म्हणाली. चर्चला जाताना आम्ही कपड्यांवरून कमरेला विणलेली चटई गुंडाळतो, ती तिनं नीट केली. "पण आधी प्रार्थना."

"आत्या, तेवढा वेळ नाहीये."

"तुला कधी असतो? जेवतोससुद्धा कुणी ताट ओढून नेणार असल्यासारखा. डोळे मीट."

आत्याला आखूड प्रार्थना येत नाही. तिनं समुद्रापासून सुरुवात केली, मग होड्या, मग आमचे आजोबा-पणजोबा. मी एक डोळा उघडून पडद्याकडे पाहत होतो, आणि कुणी बटणाला बोटही लावलेलं नसताना त्या काळोखात एक नवी ओळ उमटली. डिस्क सापडली होती.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मागच्याच आठवड्यात संगणक झटपट सुरू व्हावा म्हणून मी एक आकडा कमी केला होता. डिस्कसाठी थांबायचं ते किती, हे सांगणारा आकडा. त्यानंतर संगणक बंद करायची वेळच आली नव्हती. बाहेरच्या डब्यातली ती म्हातारी डिस्क आपल्या गतीनं फिरायला लागायची, आणि तोवर इकडे शोध थांबलेला असायचा; मग मी घाईनं पुन्हा सगळंच बंद करायचो, डिस्कही.

"आमेन," आत्या म्हणाली. मी "पुढे चल" एवढाच हुकूम टाइप केला.

मग झरझर ओळी धावू लागल्या. हे मी शेकडो वेळा पाहिलंय, पण त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. संगणक चालवणाऱ्या खऱ्या व्यवस्थेच्या आधी एक इवलीशी व्यवस्था मेमरीत जागी होते. तिला स्वतःची जागा नसते. ती चाचपडत डिस्क शोधते, दार उघडते, सगळा कारभार मोठीच्या हाती देते आणि स्वतःला पुसून टाकते. जगभरच्या कुणा अनोळखी माणसांनी हे लिहून फुकट वाटून टाकलंय, आणि ते आमच्या पत्र्याच्या खोलीत चालतंय.

आत्या माइकसमोर बसली. एकेका बंदराचं नाव घेऊन तिनं होड्या बाहेर काढू नका म्हणून सांगितलं. लुपेचं नाव तिनं एकदाही घेतलं नाही. तिचा घसा बसेपर्यंत ती सांगत राहिली. मी तो आकडा वाढवला, भरपूर वाढवला.

रात्रभर वादळानं बेट झोडपलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मनोरा सुरू झाला आणि आत्याचा फोन वाजला. तिनं तो कानाला लावला आणि माझ्या हातात दिला.

पलीकडे पत्र्यावर पाऊस कोसळत होता आणि अख्खं गायकमंडळ गात होतं. लुपे मध्येच थांबून म्हणाली, "आई, ऐकतेयस ना? होडीचा दोर सोडला होता आम्ही, तेवढ्यात रेडिओवर तुझा आवाज आला."

मी फोन पुन्हा आत्याच्या कानाशी नेला आणि तसाच धरून उभा राहिलो.