चुली किती?

"नुसता संशय मला पुरत नाही." न्यायदंडाधिकारी साहेबांनी अर्ज टेबलावर ठेवला. "खबऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिलं ते लिहिलंय, ठीक. बुटीबोरीच्या कारखान्यातली तांब्याची तार शोधायचीय, तेही ठीक. पण 'रोहित भोयरचं घर' म्हणजे नेमकं कुठून कुठपर्यंत? तिथे एक कुटुंब राहतं की दोन? वॉरंट जागेचं निघतं, आख्ख्या गल्लीचं नाही."

पीएसआय ऋषिकेश वाघमोडे सांगलीकडचे, नागपुरात नवे. त्यांनी मागे उभ्या असलेल्या हवालदार हर्षा ठवकरकडे पाहिलं. नंदनवनमागच्या त्या वस्तीत, नेमक्या त्या घरासमोरच्या भाड्याच्या खोलीत तिचं बालपण गेलं होतं.

"दोन आहेत साहेब," हर्षा पटकन म्हणाली. "समोर प्रयागबाई, रोहितची मोठी चुलती. मागे रोहित. मध्ये भिंत आहे. चुली वेगळ्या."

चुली वेगळ्या म्हटलं की विदर्भात पुढे काही विचारायचं उरत नाही. साहेबांनी तिचं म्हणणं शपथेवर नोंदवलं आणि भिंतीमागच्या भागापुरतं झडतीचं वॉरंट दिलं. चला, निदान बडीमायच्या घरात बुटांचे पाय पडणार नाहीत, असं हर्षाच्या मनात आलं. प्रयागबाईला ती लहानपणापासून बडीमायच म्हणायची, आणि तिच्या नवऱ्याला, धोंडबाला, बडेबा.

जीपमध्ये बसल्यावर तिला ती भिंत उठली तो दिवस आठवला. धोंडबा आणि रोहितचा बाप कवडू, दोघे सख्खे भाऊ. भांडण कशावरून झालं ते शेवटी दोघांनाही धड सांगता येत नव्हतं, पण भिंत मात्र डोक्याच्या वर गेली. मग रोज दुपारी प्रयागबाई पालथ्या घमेल्यावर चढायची आणि भिंतीवरून धाकट्या जावेला वाटी द्यायची. वाटीत कधी पातोडीचा रस्सा, कधी आंबाडीची भाजी. परत येताना वाटी कधी रिकामी यायची नाही. भाऊ बोलत नव्हते, वाटी बोलत होती. खाली उभी राहून घमेलं धरायचं काम हर्षाचं. त्याची मजुरी म्हणून गुळाचा खडा मिळायचा. आता त्या चौघांपैकी एकटी प्रयागबाई उरली होती.

पंच म्हणून कोपऱ्यावरचे किराणावाले चंपतराव आणि पार्लरवाली श्वेता मिळाली. चंपतराव कुरकुरत होते. "पंच व्हा म्हन्ता, पन सही केली का मले कोर्टात नाचवसान तुमी." एका शिपायाने मोबाइलवर चित्रीकरण सुरू केलं, तशी श्वेताने हळूच केस सारखे केले.

दारात प्रयागबाई उभी होती, वाळकी, ताठ.

"हर्षे? तू आली का वं? अन् हे एवढे लोक काहून आनले?"

"बडीमाय, तुह्या घराची झडती नाही. मागच्या भागाची आहे."

"मागचा भाग?" प्रयागबाईला शब्दच कळला नाही.

वाघमोड्यांनी तांब्याच्या तारेचं वॉरंट वाचून दाखवलं आणि सगळे मागच्या बाजूने आत गेले. मागच्या खोल्यांत काही सापडलं नाही. रोहित कोपऱ्यात खाली मान घालून उभा होता. वाघमोडे वळले आणि थांबले. जिथे भिंत असायला हवी होती तिथे नुसती उंबऱ्याएवढी विटांची ओळ होती. पलीकडे प्रयागबाईची खाट होती आणि खाटेखाली एक पोतं.

ते पाय उचलणार तोच हर्षाने हात आडवा धरला.

"साहेब, वॉरंट भिंतीपर्यंतचं आहे."

"भिंत कुठंय?"

"होती तिथपर्यंत."

"भिंत मी पाडली," प्रयागबाई म्हणाली. "या पोट्ट्याची बायको माहेरी गेली ते आलीच नाही. दोन चुली कोनासाठी पेटवू? एकल्यापुरता भात शिजत नाही बाप्पा, करपते."

वाघमोड्यांनी कपाळ पुसलं. "आजी, सरळ सांगा. तुमचं आणि रोहितचं वेगळं आहे, की एकत्र? एकत्र असेल तर मला कोर्टातून पूर्ण घराचं वॉरंट आणावं लागेल. मग तुमचंही सामान तपासणार."

हर्षा प्रयागबाईकडे वाकली, जणू तिचा पदर सारखा करून देते आहे. पुटपुटली, "वेगळं आहे म्हन वं. तुह्या घरात कोनी पाय नाही टाकनार."

प्रयागबाईने तिच्याकडे पाहिलं, घमेलं डुगडुगलं की पाहायची तसंच.

"काहून म्हनू? त्या दोघा भावाईनं भिंत घातली तवा मले कोनी इचारलं नाही. ते पाडाले माहा जलम गेला. आता त्या तारीच्या भेवानं पुन्हा उभी करू?"

"बडीमाय, चूप बस ना," रोहित पहिल्यांदाच बोलला.

"तू चूप बस बे! लिवा साहेब. चूल एकच हाये. यानं काही आनलं असन, तं माह्याच घरात आनलं."

मोबाइलवाल्या शिपायाचा हात खाली आला होता, तो त्याने पुन्हा वर केला.

"ठवकरबाई, शपथेवर सांगितलेलं बदलतंय. साहेबांना मी समजावतो, पण लेखी तुम्हालाच द्यावं लागेल," वाघमोडे म्हणाले. "तोवर इथंच थांबा. कुणी काही हलवायचं नाही."

जीप गेली. प्रयागबाईने हर्षासमोर चहा ठेवला, चंपतरावांना दिला, दारावरच्या शिपायालाही दिला. रोहितला बशीत ओतून दिला. त्याने तो नुसता धरून ठेवला.

ऊन ओसरीवरून खाली उतरलं तेव्हा जीप परत आली. वाघमोड्यांनी नवं वॉरंट वाचून दाखवलं, यावेळी पूर्ण घराचं. प्रयागबाईने ते नीट ऐकलं. मग कमरेची किल्ली काढून खाटेच्या उशाशी असलेली पत्र्याची पेटी उघडली आणि बाजूला झाली.

"हर्षे, पोतं कोनीबी पाहो. या पेटीत तुह्या बडेबाचं कोशाचं रेशमी धोतर हाये, अन् माहं लग्नाचं लुगडं. बाप्यामानसाचा हात नोको लागू देऊ. तूच पाह्य."

चंपतराव पंच होते, पाहणं त्यांचं काम होतं. ते पाठ फिरवून उभे राहिले.

हर्षाने मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं. ती अंगणातल्या नळावर गेली आणि तिने कोपरापर्यंत हात धुतले.