हलायचं नाही

टांगा पुन्हा काचेतून निसटला.

विजयाबाई गळ्यातला कॅमेरा छातीशी धरून, मान खाली घालून, त्याच्या माथ्यावरच्या चौकोनी काचेत बघत होत्या. काचेत आता फूलबागेचा कठडा होता, एक कडुनिंब होता आणि टांग्याच्या जागी नुसती धूळ. टांगा डावीकडे गेला होता. काचेत मात्र तो उजवीकडे पळताना दिसला, म्हणून त्याही उजवीकडे वळल्या होत्या.

"तुझी ही काच खोटं बोलते," त्या उषाताईंना म्हणाल्या.

"खोटं नाही काकी, आरशासारखी आहे ती. डावं ते उजवं दाखवते. तिच्या नादी लागू नका. टांग्याबरोबर कमरेतून वळा."

"म्हणजे तोंडाकडे बघायचं आणि ऐकायचं मात्र नाही. आमच्या सासूबाईंसारखीच झाली की."

उषाताई हसल्या. त्या मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत, कंपू मोहल्ल्यात विजयाबाईंच्या शेजारी राहत आणि हा दोन भिंगांचा कॅमेरा त्यांचाच होता. त्यात आज रीळ नव्हतं. रीळ घातलं की माणूस घाबरतं, आधी डोळा आणि कंबर तयार होऊ दे, असं त्यांचं म्हणणं.

दौलतसिंहाने टांगा वळवून आणला. "माईसाहब, एक फेरा और? घोड़ी तो समझ गई, आप कब समझेंगी?"

"तेरी घोड़ी की आँखें बगल में हैं, मेरी सामने. चल, घुमा."

या वेळी विजयाबाईंनी काचेत पाहिलं ते नुसतं पाहिलं आणि अंग टांग्याच्या स्वाधीन केलं. घोडी काचेच्या मधोमध धावत राहिली, मागची झाडंच सरकत गेली. त्यांनी खटका दाबला. रिकाम्या कॅमेऱ्यात 'टक्' झालं. कुणाला काही दाखवता येणार नव्हतं, पण घरी जाताना त्या दौलतसिंहाच्या टांग्यात पुढच्या बाजूला ऐटीत बसल्या.

हा सगळा खटाटोप एका फोटोसाठी होता, आणि तो दिवाळीआधी निघायला हवा होता. ग्वाल्हेर संस्थान विलीन झालं तेव्हा मध्यभारत आला. आता मध्यभारत मोडून मध्यप्रदेश होणार होता, राजधानी भोपाळला जाणार होती आणि मोतीमहालातल्या कचेऱ्यांबरोबर विजयाबाईंचा मुलगा रघुनाथही. बायकोला घेऊन तो पहिल्या तारखेच्या आत तिकडे हजर व्हायचा होता. त्याने एवढंच मागितलं होतं की आबासाहेबांचा एक फोटो भोपाळच्या भिंतीवर असावा.

घरात आबासाहेबांचा, म्हणजे विजयाबाईंचे यजमान सूर्याजीरावांचा, एकच फोटो होता. रिसाल्याचा, संस्थानच्या घोडदळाचा. त्यात ते तिसऱ्या रांगेत, मुगाच्या दाण्याएवढे. विलीनीकरणात रिसाला दिल्लीच्या फौजेत गेला, तरणे होते त्यांना घेतलं, सूर्याजीरावांना मानाने घरी पाठवलं. त्यानंतर वर्षभरात त्यांच्या उजव्या हाताची बोटं तंबाखू मळल्यासारखी आपली आपणच हलू लागली. मग मनगट, मग हनुवटी. डॉक्टर कंपवात म्हणाले. विजयाबाई डॉक्टरांना काय काय म्हणाल्या ते सांगण्यासारखं नाही.

रघुनाथ त्यांना सराफ्याजवळच्या एका स्टुडिओत घेऊन गेला होता. तिथल्या माणसाने खुर्चीमागे लोखंडी चिमटा उभा केला आणि त्यात सूर्याजीरावांची मान बसवली. "हिलना नहीं है हुजूर, बिलकुल नहीं." चिमट्यात मान राहिली, पण हात कोण धरणार? दुसऱ्या प्रयत्नानंतर त्या माणसाने हातही खुर्चीला रुमालाने बांधावा का, असं रघुनाथला हळूच विचारलं. सूर्याजीरावांनी ते ऐकलं. त्यांनी मान सोडवून घेतली, साफा सारखा केला आणि पायी घरी आले.

मग उषाताईंनी घरी येऊन फोटो काढते म्हटलं. सूर्याजीराव त्यांनाही नको म्हणाले.

"परक्या माणसापुढं आता थरथरायचं नाही, पोरी. विजयाची गोष्ट वेगळी. तिच्यापुढं मी लग्नापासून थरथरतोच आहे."

"मग मीच काढते," विजयाबाई म्हणाल्या.

रघुनाथला हसू आवरेना. "आईसाहेब, तुम्ही फोटो खेचणार?"

"खेचायला ती विहिरीतली बादली नाही. फोटो काढतात. ग्वाल्हेरात राहून मराठीची पार खिचडी केलीत तुम्ही लोकांनी." विजयाबाई मराठी दुसरीपर्यंत शिकल्या होत्या, त्याही दुसरीत फार दिवस टिकल्या नव्हत्या. म्हणून भाषेवर त्यांचा विशेष डोळा असे.

पुढचा धडा गच्चीवर झाला. उषाताई म्हणाल्या, चौकटीत काय कुठं ठेवायचं ते आज बघू, एक पान वाढून आणा.

"तू मला पान वाढायला शिकवणार?"

"नाही काकी, मी तुमच्याकडून शिकणार. आणा तर."

पान आलं. वर मीठ, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मध्ये भाताची मूद. विजयाबाई कॅमेरा घेऊन पानावर वाकल्या आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. कोशिंबीर उजवीकडे. त्यांनी कॅमेरा सुनंदाच्या, म्हणजे सुनेच्या, हातात दिला, खाली बसून चटणी उचलली, भाजी उचलली, जागा बदलल्या, हात पुसले आणि पुन्हा काचेत पाहिलं. आता ठीक होतं.

"आईसाहेब," सुनंदा पदराआडून म्हणाली, "आता जरा पानाकडे बघा."

विजयाबाईंनी पाहिलं. असं पान जेवणाऱ्याचा अपमान करायचा असेल तरच वाढावं. त्यांनी कमरेवर हात ठेवले.

"हसा, हसून घ्या दोघी," त्या म्हणाल्या. "भोपाळला गेल्यावर हसायला कोण मिळणार आहे तुला?"

त्या दिवशी एक गोष्ट मात्र त्यांना चटकन कळली. माणूस जिकडे बघत असेल त्या बाजूला चौकटीत जागा सोडायची, असं उषाताई समजावू लागल्या, तेव्हा त्यांनी मध्येच तोडलं. "कळलं. वरणासाठी भातात आळं करतो, तसं. नजरेला वाहायला जागा पाहिजे."

तिसरा धडा झोक्याचा. शाळेच्या अंगणात मुली झोके घेत होत्या. झोका वर जातो, परत फिरण्याआधी पळभर थांबतो. तो थांबा धरायचा. "हलणाऱ्या प्रत्येक वस्तूत एक थांबा असतो," उषाताई म्हणाल्या. विजयाबाईंनी ते गाठ मारून ठेवलं. मुलींची वेणी वर उडून जागच्या जागी राहायची, तेवढ्यात 'टक्'. संध्याकाळपर्यंत त्यांची एकही वेणी चुकेना.

मग त्या नवऱ्याचा थांबा शोधू लागल्या. तांदूळ निवडायचं निमित्त करून त्यांच्यासमोर बसायच्या आणि सुपावरून नजर वर करून बघत राहायच्या. गुडघ्यावर ठेवलेल्या हाताची बोटं तंबाखू मळत होती. आत्ता थांबतील, मग थांबतील. थांबत नव्हती. झोपेत थांबायची. पण झोपलेल्या माणसाचा फोटो लोक एकदाच काढतात, तो विचार मनात येताच विजयाबाईंनी सूप जोरात पाखडलं.

"काय बघतेस?" सूर्याजीरावांनी विचारलं.

"खडे."

"तांदळात की माझ्यात?"

"दोन्हीकडे सापडतील. तुम्ही हलू नका."

असं त्या दिवसातून किती वेळा म्हणत. हलू नका, मी देते. हलू नका, सांडेल. वस्तरा त्यांनी काढून घेतला होता, न्हावी घरी येई. अडकित्ता कपाटात गेला होता. बंडीच्या गुंड्या त्या लावत, घास त्या भरवत नसत एवढंच. सूर्याजीराव दिवसभर खुर्चीत बसून राहत आणि हात हलत राहत.

रघुनाथची तिकिटं आली तेव्हा उषाताईंनी कॅमेऱ्यात रीळ घातलं.

सकाळच्या उन्हात गच्चीवर खुर्ची मांडली. सूर्याजीराव बंद गळ्याचा कोट आणि साफा घालून बसले, पाठ ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर. त्यांची नजर जिकडे होती तिकडे विजयाबाईंनी जागा सोडली. भिंगाजवळचं चाक फिरवून मिशीचा केस न् केस काचेत स्पष्ट केला. उषाताई आणि मुलगा-सून जिन्यात थांबले, कारण सूर्याजीरावांनी तसं बजावलं होतं.

"हलायचं नाही," विजयाबाई म्हणाल्या.

ते ऐकलं आणि हात जास्तच हलू लागला. हनुवटीनेही साथ धरली. त्यांनी दाबलं. पुन्हा दाबलं. जरा थांबून, श्वास धरून, वेणी वर उडाल्यावर येतो तसा एखादा थांबा दिसतो का बघत, दाबलं. प्रत्येक वेळी काचेत दिसलेलं आणि खटक्याखाली गेलेलं एक नव्हतं, हे त्यांना तिथंच कळत होतं. सूर्याजीरावांच्या कपाळावर घाम आला.

"पुरे कर आता," ते म्हणाले.

"संपेपर्यंत नाही."

त्या एक पाऊल पुढं आल्या. आणखी एक. आता चेहरा, खांदे आणि गुडघ्यापर्यंतचा हात, एवढंच काचेत मावत होतं. त्यांनी पुन्हा चाक फिरवलं. तेवढ्यात सूर्य कठड्यावर आला आणि ऊन थेट काचेवर पडलं. काच पांढरीफटक झाली. विजयाबाई वाकल्या, वळल्या, कॅमेरा पोटाशी घेतला. काही दिसेना.

"मेलं ऊन. आत्ताच यायचं होतं," त्या पुटपुटल्या. डोळ्यांना पाणी आलं होतं, ते उन्हाने की कशाने, त्यांनाच ठाऊक. दोन्ही हात गुंतलेले, पुसायचं कशाने?

काचेवर सावली आली.

त्यांना वाटलं ढग आला. मग काचेत चित्र उमटलं. सूर्याजीराव खुर्चीत पुढं झुकले होते, उजवा हात लांब करून. कोटाची बाही चौकटीच्या वरच्या कडेपर्यंत आली होती आणि तिच्यापुढचा हात चौकटीच्या बाहेर, काचेवर उन्हाआड धरलेला होता. विजयाबाईंनी सावलीकडे पाहिलं. तिची कड कुठंच हलत नव्हती.

त्यांनी दाबलं.

"दिसतंय का?" सूर्याजीरावांनी विचारलं.

"दिसतंय," त्या म्हणाल्या. मान वर करायला त्यांना थोडा वेळ लागला.

उषाताईंनी अंधाऱ्या न्हाणीघरात रीळ धुतलं आणि दुसऱ्या दिवशी फोटो घेऊन आल्या. बाकी सगळ्यांत साफ्याखाली धुकं होतं. एकच फोटो स्वच्छ. वाकलेला म्हातारा, पुढं केलेला हात मनगटाशी कापला गेलेला, आणि डोळे. कुणाची तरी नड पाहून एखादा माणूस उठू लागतो, तेव्हा असतात तसे डोळे.

रघुनाथ तो हातातून सोडेना. "आबासाहेबांचा हात थोडा कट गेला, पर चेहरा कितना साफ आया है. आईसाहेब, हाच मोठा करून घेऊ."

"हा नाही."

"का?"

"तिरपा आहे."

"जरासा. फ्रेममध्ये सरळ होईल ना."

"बिघडलेलं मी कुणाच्या पानात वाढत नाही," विजयाबाई म्हणाल्या आणि फोटो त्याच्या हातातून काढून घेतला. "तुझा उद्यापर्यंत मिळेल. गाडी संध्याकाळची आहे ना?"

रघुनाथने बायकोकडे पाहिलं. सुनंदाने त्याला डोळ्यांनीच गप्प बसवलं आणि स्वतः चहा करायला आत गेली.

उषाताई मात्र फोटो पुन्हा मागून घेऊन उजेडात धरून बघत होत्या. "काकी, ही बाही जराही हललेली नाही. उजवाच हात ना?"

"उजवाच."

"मग हे कसं झालं?"

"काम होतं त्याला," विजयाबाई म्हणाल्या आणि फोटो पदराखाली गेला. "तुझ्याकडे रीळ आहे का दुसरं? घाल."

"आत्ता?"

"आत्ता."

सूर्याजीराव खिडकीजवळ बसले होते. सुनंदा चहा घेऊन आली आणि रोजच्यासारखी कपबशी सासूबाईंपुढे धरली. विजयाबाईंनी हात पुढे केला नाही.

"त्यांना दे."

"आईसाहेब, सांडेल."

"सांडेल. दे."

सुनंदाने बशी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि मागे झाली. सूर्याजीरावांनी चहाकडे पाहिलं, मग बायकोकडे. ती कॅमेरा गळ्यात अडकवून, पाय रोवून, कुठं किती जागा सोडायची ते बघत होती. गुडघ्यावर त्यांची बोटं तंबाखू मळत होती.

"हलायचं का नाही?" त्यांनी विचारलं.

विजयाबाई काचेत वाकल्या.

"तुमचं तुम्ही बघा," त्या म्हणाल्या. "मी माझं बघते."