हवेतली बैठक

हवेत पालथं पडून राहणं स्नेहलला तिच्या लेकीच्या, यशोच्या, जन्माच्या आधीपासून येत होतं. त्यात तिला अवघड असं काही वाटायचं नाही. विमानाच्या दारातून स्वतःला सोडायचं, पोट खाली, हातपाय ऐसपैस, आणि मग वारा तुम्हाला तळहातावर घेतल्यासारखा धरून ठेवतो. पण बसणं? बारा हजार फुटांवर, खाली खुर्ची नाही, पाट नाही, आणि तरी पाठ ताठ करून बसायचं, तेही ताशी अडीचशे किलोमीटरच्या वेगानं खाली येताना. ते काही केल्या जमेना.

लोणावळ्याच्या मागच्या पठारावर छोटी धावपट्टी झाली तेव्हा कान्हे गावची स्नेहल तिथं पॅराशूट घडी घालायच्या कामाला लागली होती. घड्या घालता घालता एक दिवस स्वतःच उडी मारून बसली, आणि मग सुटलीच. एकशे ऐंशी उड्या झाल्या. मग यशो आली. पोरगी दीड वर्षाची होईपर्यंत स्नेहलनं आभाळाकडं फक्त कपडे वाळत घालताना बघितलं. गेल्या दिवाळीनंतर ती परत आली, आणि आल्या आल्या सारिकाताईंचा बेत तिच्या कानावर पडला.

सारिकाताई पुण्याच्या. शिकवायला त्यांच्यासारखं कोणी नाही, आणि रागवायलाही. त्यांना चार बायकांचा एक फेर करायचा होता. चौघींनी हवेत बसायचं, एकमेकींचे हात धरायचे आणि तसंच खाली यायचं. रविवारी. तिघी ठरल्या होत्या. चौथी जागा स्नेहलची, नाहीतर हैदराबादच्या एका बाईची, जी नुसत्या फोनची वाट बघत होती.

"पंधरा सेकंद," सारिकाताईंनी सांगितलं होतं. "पंधरा सेकंद स्थिर बसून दाखव, जागा तुझी. त्याच्या खाली मी एक सेकंद घेणार नाही. आणि हा हट्ट नाहीये माझा. बसलेलं माणूस पालथ्यापेक्षा कितीतरी जोरात खाली येतं. तुझी बैठक मोडली आणि तू आडवी झालीस की तुला एकदम ब्रेक लागल्यासारखं होणार. तुझ्या वरची तुझ्या पाठीवर आदळणार. मग कोणाची मान जाईल, ते देव जाणे."

स्नेहलचे अकरा प्रयत्न करून झाले होते. जमिनीवर स्टुलावर बसवलं की ती अशी बसायची की बघत राहावं. मांड्या सपाट, गुडघे खांद्याइतके लांब, पावलं गुडघ्यांच्या बरोबर खाली, हात बाजूला पसरलेले. आणि वर गेलं की तिसऱ्या सेकंदाला सगळं विसरायची. गुडघे एकत्र यायचे, खांदे आत वळायचे, आणि दोरी सोडलेल्या भोवऱ्यासारखी ती गरगरत उताणी व्हायची. शेवटची संधी शनिवारी होती. आज गुरुवार.

दुपारी यशो एकदाची तिच्या मांडीवर झोपली. पाय हलवला तर जागी होईल म्हणून स्नेहल भिंतीला टेकून तशीच बसली, आणि मोकळ्या हातानं मोबाईलवर आपलीच उडी बघू लागली. गौरवनं काढलेली. हा पोरगा डोक्यावर कॅमेरा बांधून त्यांच्याबरोबर उडी मारायचा. सहाव्यांदा ती स्वतःला उताणी होताना बघत होती, तेवढ्यात रतनबाई बाजारातून आल्या. तिच्या सासूबाई. वडगावच्या बाजारात त्यांची भाजीची जागा बावीस वर्षांची. टोपली उतरवून त्यांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

"काय बघायलीस एवढं टक लावून?"

"मीच आहे, आत्या. पडतेय कशी ते बघते."

"आण हिकडं."

रतनबाईंनी मोबाईल हातभर लांब धरला. डोळे बारीक केले. एकदा बघितलं. "पुन्ना लाव," म्हणाल्या. पुन्हा बघितलं. मग पदरानं तोंड पुसत खाली बसल्या.

"आगं, ही तर पाव्हनं बघाया आल्यावानी बसलीयास."

"काहीतरीच काय."

"काय काहीतरी? आमी तळेगावला तुला बघाया आलतो तवा अगदी आशीच बसलीवतीस. खुर्चीच्या कडंला. गुडघ्याला गुडघा. मान खाली. मी माज्या अतुलला तवाच म्हनलं, पोरगी गुणाची हाय पर फुक मारली तर पडंल."

"मग सून कशाला केली?"

"पोहं चांगलं झालतं."

स्नेहलला हसू आलं, पण यशो हलली म्हणून तिनं ते दाबलं. मग तिनं तीच उडी पुन्हा लावली, आणि हसू विरत गेलं. खरंच की. तिसऱ्या सेकंदाला समोर सारिकाताई येतात, तिच्याकडं निरखून बघतात. बाजूला गौरवचा कॅमेरा. आणि त्याच क्षणी तिचे गुडघे जुळतात, हात मांडीकडं येतात, नजर खाली वळते. आईनं शिकवलेलं. "पाय जवळ घे गं, चारचौघांत बसलीयेस." एवढ्या उंचीवर, जीव मुठीत असताना, अंगानं सारिकाताईंचं ऐकलं नव्हतं. अंगानं आईचं ऐकलं होतं.

"आत्या, तुम्ही कशा बसता बाजारात?"

"म्हंजी?"

"म्हणजे बसता कशा? दाखवा की."

रतनबाईंनी तिच्याकडं, ही बरी आहे ना, अशा नजरेनं बघितलं. मग भाजीचा रिकामा कॅरेट पालथा घातला आणि त्याच्यावर बसल्या. लुगड्याचा काष्टा, पाय रोवलेले, गुडघे ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. पाठ दांडपट्टा घेतल्यासारखी सरळ. दोन्ही हात बाजूला, जणू इकडं मेथी नि तिकडं कोथिंबीर. आणि नजर दारातून बाहेर, थेट रस्त्यावर.

"हे आसं. आन् काय त्यात बघायचंय?"

"उद्या मी बसू का बाजारात? तुमच्या जागी?"

"बस की. मी पोरीला बघीन. पर गिऱ्हाईक माघारी गेलं तर मग बघ."

शुक्रवारी सकाळी वडगावात तहसीलच्या रस्त्याला स्नेहल कॅरेटवर बसली. मागं रतनबाई, त्यांच्या कडेवर यशो, यशोच्या हातात गाजर. पहिला अर्धा तास बरा गेला. मग कोंडाजी आले. रतनबाईंचं जुनं गिऱ्हाईक. घेणार जुडीभर आणि बोलणार टोपलीभर.

"आज नवी दुकानदारीण? ही मेथी कालची दिसती."

स्नेहलनं मेथीकडं बघितलं. मान खाली गेली तसे गुडघेही जवळ आले, आणि पालथा कॅरेट एका कडेवर कलंडला. मागून रतनबाईंचा आवाज आला.

"खाली काय बघतीस? मेथी पळून चालली न्हाई. त्येच्या तोंडाकडं बघ. न्हाईतर त्येच्या मागं बघ, एष्टी स्टँडाकडं. गिऱ्हाईक लांबनंच येतंय."

स्नेहलनं मान उचलली. पाय रोवले. कोंडाजींच्या डोक्यावरून थेट स्टँडच्या पत्र्याकडं नजर लावली, आणि गंमत म्हणजे मान वर गेली तशी पाठ आपोआप सरळ झाली, गुडघे आपोआप सुटले.

"काका, सकाळी काढलेली आहे, देठ मोडून बघा. घ्यायची तर घ्या, नाहीतर मागच्यांना वाट द्या."

कोंडाजींनी देठ मोडला. मग दोन जुड्या घेतल्या.

"सासूवर गेली," असं म्हणत ते निघून गेले.

"ऐकलंस का गं तुझ्या आईला?" रतनबाई यशोला म्हणाल्या. यशोनं गाजर चावलं.

तीन तास स्नेहल बसली. दुसऱ्या तासाला तिला कळलं की रतनबाई खऱ्या अर्थानं कॅरेटवर बसतच नसणार. भार सगळा तळपायात. कॅरेट काढून घेतला तरी बाई तशीच राहील. आणि टेकायला मागं काही नाही, म्हणून टेकायचा विचारच मनात येत नाही. सारिकाताई दोन महिने हेच सांगत होत्या, "मागं रेलू नकोस, पायावर राहा," आणि तिच्या डोक्यात ते आता, कोथिंबिरीच्या ढिगामागं बसून शिरत होतं. तिला तिथल्या तिथं उठून लोणावळ्याला पळत जावंसं वाटलं.

शनिवारी हवा अशी स्वच्छ की पवनेचं पाणी आरशासारखं दिसत होतं. विमानात ती, सारिकाताई नि गौरव गुडघ्याला गुडघे लावून बसले, पुढं वैमानिक. सारिकाताईंनी कानाशी ओरडून विचारलं, "काय ठरवलंयस?"

"लांब बघायचं."

"एवढंच?"

"एवढंच."

सारिकाताईंनी भुवई उंचावली, पण दार उघडलं होतं आणि वाऱ्यानं पुढचं बोलणं उडवून नेलं.

स्नेहल पंखाखालच्या दांडीला धरून बाहेर लोंबली. एक, दोन, आणि सोडलं.

सुरुवातीला वारा समोरून आला, छातीवर. मग हळूहळू खाली सरकत तळपायात शिरला. आला तसा तिनं तो घेतला. पाय रोवले, कशावर ते विचारू नका, पण रोवले. हात पसरले. तिसऱ्या सेकंदाला सारिकाताई समोर आल्या, निरखून बघू लागल्या, आणि स्नेहलचे गुडघे सवयीनं एकमेकांकडं निघाले. उजवीकडं वळण सुरू झालं. बाजूला गौरवचा कॅमेरा तिच्याकडं रोखलेला.

तिनं नजर उचलली. सारिकाताईंच्या हेल्मेटवरून पलीकडं, सह्याद्रीची कड जिथं संपते आणि कोकण धुरकट होतं, तिथपर्यंत. गुडघे सुटले. वळण थांबलं.

आणि मग ती बसलेली होती. खाली अख्खं मावळ पसरलेलं, द्रुतगती मार्गावरच्या गाड्या मुंग्यांसारख्या, आणि ती त्या सगळ्याच्या वर, मालकिणीसारखी. कानात वाऱ्याचा नुसता घोंगाट होता. पण आतून इतकं शांत वाटलं, की यशो नुकती झोपल्यावर घरात जे होतं ते आठवलं. सात. आठ. डावा गुडघा एकदा थरथरला, तिनं टाच खाली दाबली, तो गप्प झाला. अकरा. बारा. तिला ओरडावंसं वाटत होतं, पण तोंड उघडलं तर गाल फडफडतात म्हणून तिनं ते दातांत धरून ठेवलं. पंधरा. सोळा. सारिकाताई तरंगत जवळ आल्या, हात पुढं केला. हे ठरलेलं नव्हतं. स्नेहलनं तो धरला. दोघी बाया आभाळात समोरासमोर बसलेल्या, हातात हात, आणि सारिकाताई हसत होत्या. त्या हसतात हे स्नेहलला माहीतच नव्हतं.

हेल्मेटमध्ये उंचीचा इशारा वाजला. हात सुटले. पालथं होऊन दोघी दोन दिशांना सरकल्या, आणि थोड्या वेळानं डोक्यावर पॅराशूट फटकन उघडलं.

खाली उतरल्यावर गौरवच्या मोबाईलभोवती तिघं उकिडवी बसली. सारिकाताईंनी उडी तीनदा बघितली. त्यांच्या तोंडावर आता हसण्याचा मागमूस नव्हता.

"दोनदा गुडघा गेला," त्या म्हणाल्या.

"हो."

"पण आडवी झाली नाहीस. दोन्ही वेळा परत आणलास." त्यांनी खिशातून फोन काढला, काहीतरी लिहिलं आणि पाठवून दिलं. "हैदराबादला कळवलं. रविवारी चौथी तू. आता जा, पाणी पी, तोंड बघ कसं झालंय."

स्नेहलनं पाणी प्यायच्या आधी घरी फोन लावला. बोलायला गेली तर शब्द एकावर एक चढायला लागले. पलीकडून यशोनं आधी तिला काहीतरी लांबलचक सांगितलं, मग रतनबाईंनी फोन घेतला.

"बसलीस का?"

"बसले, आत्या. सोळा सेकंद."

"एवढंच व्हय? बरं. उद्या किती जनी म्हनं तुमी?"

"चौघी."

"मग उडी झाली की चौघीबी हितं जेवाया या. आमटी-भाकरी करते. त्या शहरातल्या बायांना तिखट चालतंय का इचार."

स्नेहल वळली. "सारिकाताई, तिखट चालतं का?"

"कसलं तिखट?" सारिकाताई ओरडल्या. त्या अर्ध्या वाटेवर होत्या, विमानाचं इंजिन परत सुरू झालं होतं. "चालतं. चल लवकर, अजून एक उडी बसतेय आज."

"चालतंय म्हणतात," स्नेहलनं फोनवर सांगितलं, आणि दुसऱ्या हातानं हेल्मेटचा पट्टा ओढत ती पळत सुटली.