बावन्न किलोंचं पर्यावरण

मुलं त्याला बटणसर म्हणत. कारण साधं होतं. ज्या खोलीत तो शिरे, तिथलं एक तरी बटण बंद करूनच बाहेर पडे. एकदा मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, आपल्या खोलीत हरवलेला चष्मा शोधत असताना यानं दारातून हात घालून दिवा घालवला. चष्मा सापडला, पण बाईंच्याच पायाखाली. सहावी ते दहावीला पर्यावरण शिकवायला तो दोन वर्षांपूर्वी लागला होता, तोही हंगामी. हंगामी माणसानं मोठ्या बाईंच्या डोक्यावरचा दिवा घालवू नये, एवढं व्यवहारज्ञान त्याला नव्हतं ते नव्हतंच.

यंदा मात्र कायम होण्याची वेळ आली होती. शुक्रवारी तपासणीला अधिकारीबाई येणार, पर्यावरणाचं काम बघणार. शेरा चांगला पडला तर नोकरी पक्की. नाही पडला, तर पुढच्या वर्षी हा विषय चित्रकलेच्या बाईंच्या गळ्यात आणि बटणसर घरी.

“काहीतरी डोळ्यांत भरेल असं करा,” मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, “आणि त्यात माझ्या खोलीचा दिवा नको.”

त्यानं आठवीला कामाला लावलं. कँटीनमधला वजनकाटा उसना आणायचा, शाळेच्या अकराही खोल्यांतला कचरा गोळा करून मोजायचा आणि तक्ता करायचा. कचरा कशाला म्हणायचं, हेही त्यानं फळ्यावर लिहून दिलं: वर्षभरात जिचा कुणाला उपयोग झाला नाही आणि पुढेही होणार नाही, ती वस्तू म्हणजे कचरा, मग ती कुणाचीही असो. ‘कुणाचीही’ या शब्दाखाली त्यानं दोन रेघा मारल्या. मारताना त्याच्या डोळ्यांसमोर कँटीनवाल्या मावशी होत्या. त्यांच्याशी प्लास्टिकच्या चमच्यांवरून त्याचं गेलं वर्षभर वाजत होतं. कँटीन पहिलं येणार याची त्याला इतकी खात्री होती, की मावशींना चार शब्द सुनावायचे ते त्यानं अंघोळ करताना दोनदा म्हणून पाहिले होते.

आठवीच्या गटाची प्रमुख होती त्याची स्वतःची लेक. घरी ती त्याला खुशाल अरे-तुरे करी, शाळेत मात्र ‘सर’ आणि ‘तुम्ही’. बाकीची मुलं त्याचं शिकवणं परीक्षेपुरतं पाठ करत. तिला ते पटायचं. असा एखादा विद्यार्थी मिळणं हे शिक्षकाचं भाग्य. पण तोच पोटी जन्माला आला तर पळायला जागा उरत नाही.

गुरुवारी दुपारी ती तक्ता घेऊन आली.

“सर, कँटीन नऊ किलो. शिक्षकांची खोली सहा. बाकीच्या खोल्या दोन-तीन.”

“बघ, मी म्हटलं नव्हतं? कँटीन!”

“कँटीन दुसरं आहे, सर. पहिली पर्यावरण खोली. बावन्न किलो.”

“दशांशचिन्ह राहिलं असेल.”

“नाही सर. बावन्नच.”

बटणसरानं मागे वळून पाहिलं. पर्यावरण खोली म्हणजे त्याचीच खोली. भिंतीला लागून दोन वर्षांचे प्रकल्प छतापर्यंत रचलेले होते. प्लास्टरच्या सतरा पृथ्व्या होत्या आणि त्यांतल्या निम्म्या तापानं रडत होत्या. पुठ्ठ्याचे कारखाने होते, कापसाच्या धुरासकट. सहा फुटी प्लास्टिकराक्षस होता, तोही नव्याकोऱ्या प्लास्टिकच्या बाटल्यांचा, कारण जुन्या पुरल्या नव्हत्या. आणि ‘कागद वाचवा’ म्हणून सांगणारे दोनशे दहा तक्ते होते. जाड कागदावरचे. हे सगळं त्यानंच करून घेतलं होतं, मार्क दिले होते, आणि ‘काही टाकू नका’ असं जगाला सांगणाऱ्या माणसाला स्वतःला काही टाकवतं कुठे! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, अशातली गत.

“अगं, पण हे शैक्षणिक साहित्य आहे.”

“वर्षभरात कुणी वापरलं, सर?”

त्यानं जवळच्या पृथ्वीवरची धूळ बोटानं पुसली.

“पुढे कुणी वापरणार आहे का?”

“काटा बिघडलेला दिसतोय,” तो घाईनं म्हणाला. “उद्या सकाळी तपासणीच्या आधी पुन्हा मोजा. पहिला आकडा असू दे, पण मोजायचं दोनदा. शास्त्र आहे ते.”

लेकीनं वहीत लिहून घेतलं. ती असलं सगळं लिहून घ्यायची.

घरी बायकोला त्यानं आडून आडून विचारलं, की आपल्या माळ्यावर थोडं सामान दोन दिवस ठेवलं तर?

“किती आहे?” ती म्हणाली.

“सतरा पृथ्व्या आणि किरकोळ.”

“अहो, एकीवरच राहतोय तर जीव मेटाकुटीला आलाय. एकही उंबऱ्याच्या आत आली तर तिच्याबरोबर तुम्हीही बाहेर.”

मग शुक्रवारी सकाळी साडेसहालाच तो शाळेत हजर झाला. शिपाईकाकांना हाताशी धरून त्यानं सगळं पर्यावरण दहा खोल्यांत वाटून टाकलं. इथे कपाटावर दोन पृथ्व्या, तिथे बाकामागे कारखाना. दोनशे दहा तक्ते एकवीस-एकवीसचे गठ्ठे करून फळ्यांमागे खोचले. राक्षस कँटीनच्या फ्रीजमागे गेला. काकांची कंबर धरली, पण आठ वाजता पर्यावरण खोली आरशासारखी लख्ख होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाशी म्हणत तो कपडे झटकून उभा राहिला. जाता जाता दिवाही घालवला.

दहा वाजता सभागृह भरलं. अधिकारीबाई पहिल्या रांगेत, शेजारी मोठ्या बाई, दाराशी कँटीनवाल्या मावशी हाताची घडी घालून. लेक तक्ता घेऊन पुढे आली.

“गुरुवारी पर्यावरण खोलीत बावन्न किलो कचरा होता,” तिनं वाचलं. सभागृहात हशा पिकला. “आज सकाळी तिथे शून्य.”

बटणसरानं श्वास सोडला.

“काटा बिघडला आहे असं सरांना वाटलं. काटा तपासायचा तर एक खोली मोजून कसं भागेल? म्हणून आम्ही अकराही खोल्या पुन्हा मोजल्या. बाकीच्या दहा खोल्यांत मिळून आज बरोबर बावन्न किलोंची वाढ आहे. मोठ्या बाईंच्या खोलीत साडेपाच.”

मोठ्या बाईंनी सावकाश मान वळवली. बटणसराला वाटलं, कुणीतरी आत्ता या सभागृहाचं बटण बंद करावं.

“निष्कर्ष,” लेक वाचत होती. “कचरा टाकला की जात नाही. तो फक्त खोली बदलतो. आपल्या खोलीतून गेला म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी खोलीत असतो.”

हशा थांबला. अधिकारीबाई पुढे झुकल्या.

“हे तुम्हाला कुणी शिकवलं?”

“सरांनी,” लेक म्हणाली. “पहाटेपासून स्वतः ओझी वाहून प्रयोग करून दाखवला. आम्हाला आधी सांगितलं नव्हतं, म्हणजे आम्ही स्वतः शोधावं म्हणून.”

टाळ्या पडल्या. अधिकारीबाईंनी पेन उघडलं. आता फक्त नम्रपणे मान लववायची होती. नोकरी कायम, इज्जत शाबूत, वर शाबासकी.

त्यानं लेकीकडे पाहिलं. ती त्याला वाचवायला खोटं बोलत असती तर तो खरंच गप्प बसला असता, घरी जाऊन तिला मिठी मारली असती. पण पोरीच्या चेहऱ्यावर लबाडीचा लवलेश नव्हता. तिला मनापासून वाटत होतं की आपला बाप इतका हुशार आहे. त्याला भयंकर लाज वाटली.

“मॅडम,” तो उभा राहिला. “प्रयोग-बियोग काही नव्हता. माझा कचरा सगळ्यांत जास्त निघाला, म्हणून मी तो लपवत होतो. या काकांची कंबरही माझ्यामुळेच धरली आहे.”

“खरं आहे,” मागून शिपाईकाका कळवळून म्हणाले.

मावशींच्या हाताची घडी सुटली. मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले. अधिकारीबाईंनी मात्र पेन खाली ठेवलं.

“या महिन्यात मी चौदा शाळा पाहिल्या,” त्या म्हणाल्या. “चौदाही ठिकाणी कचरा शून्य. त्यांचा कुठल्या खोलीत गेला होता, देव जाणे. कचरा दाखवणारी ही पहिली शाळा.” मग त्या मोठ्या बाईंकडे वळल्या. “यांना कायम करा. आणि त्या कपाटांवरच्या पृथ्व्या बंद करा.”

बटणसर मटकन खाली बसला. लेक त्याच्याशेजारी येऊन उभी राहिली. तिचे कान लाल झाले होते. तक्ता तिनं खुर्चीच्या हातावर टेकवला आणि पट्टी लावून, सरळ रेघेत, मथळ्यातला ‘प्रयोग’ हा शब्द खोडला. वर बारीक अक्षरात लिहिलं, ‘लपवाछपवी’.

मग पेनाचं टोपण लावता लावता तिनं विचारलं, “निष्कर्ष तोच ठेवू ना, सर?”

“तोच ठेव,” तो म्हणाला.