रतनची गाडी
शर्मिलाचा भाऊ रतन कात्रजच्या घाटात, धुक्यात अपघातात गेला, त्याला वर्ष झालं होतं. आजही तसंच धुकं होतं. हिंजवडीच्या कंपनीत तिचा पहिला दिवस, आणि रतनची मोटरसायकल थंडीने सुरू होईना. पेट्रोल येत होतं. प्लग काढून पाहिला, तर ठिणगीही चांगली पडत होती. थंड इंजिन सुरू व्हायला लागतो तो चोक तिने ओढून किक मारली आणि वाकून पाहिलं. चोक आपोआप परत आत गेला होता. पुन्हा ओढला, पुन्हा तेच.

"दादा, सोड ना," ती हळूच म्हणाली. "मी सावकाश जाईन."

या वेळी चोक जागेवर राहिला आणि गाडी लगेच सुरू झाली. हिंजवडीपर्यंत आरशात पाहायचा मात्र तिला धीर झाला नाही.