भुरळोबाच्या हातातली बांगडी

महाराजांनी कुस्त्यांचं मैदान भरवलं की सारं कोल्हापूर तिकडं लोटायचं. त्याच दुपारी भुरळोबाची मंडळी बापूसोंच्या कापडदुकानामागच्या खोलीत जमायची. भुरळोबा म्हणजे जादूचा देव. नारळाएवढा काळा दगड. मांडीवर कोपर, गालावर हात, आणि समोरच्याचं काहीतरी नुकतंच लांबवल्यासारखं हसू. भक्त सातच. कुणी गारुडी, कुणी बहुरूपी, बापूसो तर चांगले कापडवाले. या देवाचा पत्ता आपल्या घरच्यांनाही नाही, असा सातही जणांचा समज होता. घरोघरच्या बायका यावर पदराआड हसत.

सातांतल्या लालासाबांच्या लेकीला, खैरुनबीलाही सगळं ठाऊक होतं. मंडळीचे नियम दोनच. दरसाल प्रत्येकानं करामत करून बाकीच्यांना फसवायचं, आणि फसल्यावर कसं केलंस ते मरेतो विचारायचं नाही. ओळीनं तीन वर्षं ज्याची चलाखी पकडली जाईल, त्यानं आपला पाट सोडून मंडळीबाहेर व्हायचं.

लालासाब एके काळी भरबाजारात दुसऱ्याच्या पागोट्यातून कबुतर काढत. आता वयानं हात कापायचे. दोन वर्षं ते पकडले गेले होते. चाळीस वर्षांचा पाट गेला तर अब्बा अंथरूण धरतील, या काळजीनं खैरुनबीचा जीव टांगणीला लागला होता. म्हणून ती यंदा त्यांचा हात धरून आली आणि दाराशी बसून राहिली.

लालासाबांनी मुठीत लिंबू घेतलं. फुंकर मारायच्या आतच ते घरंगळत बापूसोंच्या पायाशी गेलं.

"लालासाब, पाट सोडा," बापूसो म्हणाले. लिंबू उचलून त्यांनी परत लालासाबांच्या हातात ठेवलं, पण नियम तो नियम.

खैरुनबी ताडकन आत आली. "त्यो पाट मला द्या."

"बाईमाणसाला?"

"नियम दोनच हायती न्हवं? त्यात बाई न्हाय चालत असं कुठं हाय?"

ज्ञानू गारुडी खदाखदा हसला. "व्हय की! फसीव बघू."

तिनं लाखेची तांबडी बांगडी काढली. "ही अख्खीच्या अख्खी देवाच्या हातात चढवते."

आता देवाचा हात गालाला चिकटलेला, कोपर मांडीला; मध्ये फट असली तरी सगळा एकच दगड. बांगडी जाणार कुठून? सगळ्यांनी ती ठोकून, ओढून बघितली. खैरुनबीनं ती रुमालात गुंडाळून डाव्या मुठीत धरली, तशा सगळ्यांच्या नजरा त्या मुठीवर खिळल्या. उजव्या हातानं तिनं देवापुढच्या निखाऱ्यांवर मूठभर ऊद टाकला. धूर दाटला, मंडळी खोकली. धूर विरला तेव्हा रुमाल रिकामा होता आणि देवाच्या मनगटात तांबडी बांगडी!

आपण काही पाटावर बसणारे नाही, तेव्हा आपल्याला कळायला हरकत नाही. पहिली बांगडी केव्हाच तिच्या ओटीत गेली होती. कमरेला दुसरी होती, चीर दिलेली. चिरेची टोकं निखाऱ्यावर मऊ केली, बांगडी फाकवून देवाच्या हातात घातली आणि टोकं चिमटीनं दाबली. लाखेचा वास उदात बुडाला. बोटं चांगलीच पोळली. ती तिनं पदराखाली घेतली.

मंडळींनी मात्र रुमाल झटकला, उलटा केला. हातचलाखीत जन्म गेलेले ते. कारागिरीकडं त्यांचं ध्यान जाईलच कसं? पिराजी बहुरूप्यानं बांगडीवरून तीनदा बोट फिरवलं, सांधा सापडेना. "या अल्ला!" म्हणत लालासाब तर आ वासून बसले होते.

"बस गं पोरी," बापूसोंनी पाट पुढं सरकवला, आणि मंडळींनी असा गलका केला की बाहेर कुस्ती निकाली झाली असं वाटावं.

घरी जाताना लालासाब शीळ घालत होते. खैरुनबीला आनंद मावेना. "अब्बा, तुम्ही बी फसलासा की!"

"मी फसतोय व्हय? तुझ्या आईनं जन्मभर माझ्याच चुलीवर लाखेच्या बांगड्या केल्या. चीर मिटवताना तिची बी बोटं अशीच पोळायची. बघू."

त्यांनी तिचा हात घेऊन बोटांवर फुंकर मारली. खैरुनबीचे डोळे भरले.

"मग आ वासून बसला हुतासा, त्ये?"

"सोंग. सहा जणांत एकाला तरी ते कळलं का?"

खैरुनबी भर रस्त्यात थांबली. मग तिनं बापाला खांद्याला धरून गर्रकन मागं वळवलं.

"मग घरी कशाला निघालासा? चला, तुमचा पाट मागून घ्या."

"आणि त्यास्नी सांगायचं काय?"

"फसवलं म्हणायचं. कसं, त्ये इचारायचं न्हाय."