भलत्या गोलाला टाळी

चष्म्याच्या दुकानात नंबर तपासून घ्यायला येणाऱ्या गिऱ्हाइकांना एक गोष्ट फुकट मिळायची, ती म्हणजे लाल संघाची निंदा. भिंगाच्या कडा घासता घासता चष्मेवाले सुरू व्हायचे. "जिंकतात हो, नाही कोण म्हणतंय? पण जिंकण्याची काही रीत असते की नाही? एक गोल झाला की लागल्या लोळायला. बुटाची नाडी काय सुटते, पोटात काय दुखतं! रेफरीला तर घेराव घालतात, आणि हरलेल्या पोरींना वर दात काढून दाखवतात." गिऱ्हाइकांना मजा वाटायची. काही जण तर मुद्दाम काडी टाकून जायचे.

मुलींच्या फुटबॉलमध्ये गावात लाल संघाला तोड नव्हती. आणि त्याच संघानं चष्मेवाल्यांच्या थोरल्या मुलीला गोलकीपर म्हणून बोलावलं.

ती लाल जर्सी घेऊन घरी आली तेव्हा आईनं ती तिच्या अंगाला लावून पाहिली, बाह्या लांब आहेत म्हणाली. चष्मेवाले पेपरातून मान वर न करता "छान" म्हणाले. त्या 'छान'चा अर्थ घरात सगळ्यांना कळला. नंतर मॅच असली की त्यांना नेमकं दुकानात काम निघायचं. आई एकटीच जायची.

फायनलला मात्र बायकोनं ऐकून घेतलं नाही. "दुकान एक दिवस बंद राहिलं म्हणून कुणी आंधळं होत नाही," ती म्हणाली.

गोलच्या मागच्या बाकांवर जागा मिळाली. चहूकडे लाल टोप्या, लाल झेंडे. चष्मेवाले राखाडी स्वेटरमध्ये अंग चोरून बसले. लाल संघानं पहिला गोल केला, आणि झालं, त्यांचा नेहमीचा प्रकार सुरू झाला. बॉल लांब बाहेर मारायचा, थ्रो घ्यायला रमतगमत जायचं. उत्तरार्धात कॅप्टन गुडघा धरून खाली पडली ती उठेचना.

"बघ, बघ! नाटकं बघ!" चष्मेवाले दातओठ खात म्हणाले.

"हळू बोला," बायको म्हणाली.

खेळ पुन्हा सुरू झाला. समोरच्या संघातल्या एका काटकुळ्या मुलीनं मैदानाच्या मध्यावर बॉल घेतला. एकीला चकवलं, दुसरीला चकवलं, तिसरीला वळसा घालून तिनं असा काही फटका मारला, की बॉल सरळ जाळ्यात. इतका देखणा गोल चष्मेवाल्यांनी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. ते ताडकन उभे राहिले. "वा! याला म्हणतात खेळ!" असं ओरडून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवू लागले.

त्या बाजूला दुसरं कुणीच उभं नव्हतं.

बॉल काढायला जाळ्यात वाकलेली थोरली सरळ झाली. जाळ्याच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर, तिचा बाप टाळ्या वाजवत होता. तिनं पाहिलं. क्षणभरच. मग बॉल मध्याकडे फेकून दिला.

"अहो, खाली बसा," बायको त्यांचा स्वेटर ओढत म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "आपल्या पोरीवर झालाय तो गोल."

चष्मेवाले बसले. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. मी खेळाला टाळी दिली, असं बायकोला सांगायला त्यांनी तोंड उघडलं, पण ते इतकं पोकळ वाटलं की तसंच मिटून घेतलं.

बरोबरी सुटली नाही. पेनल्टीवर आलं. शेवटचा फटका थोरलीनं डावीकडे झेप घेऊन अडवला आणि लाल संघ जिंकला. बाक हादरले. बायको रडत हसत होती. चष्मेवाल्यांनी हात वर उचलले, पण ते एकमेकांवर आपटेनात. कोणत्या तोंडानं वाजवायचं? मागून कुणीतरी म्हणालं, "काका, आता वाजवा की!" आणि आसपासचे हसले.

मैदानाच्या फाटकापाशी ते दोघं थांबले. आधी कॅप्टन बाहेर आली, एका मैत्रिणीच्या खांद्यावर हात टाकून. गुडघा नारळाएवढा सुजला होता, वर बर्फाची पिशवी बांधलेली. चष्मेवाल्यांची नजर तिथून हलेना.

"तुम्ही तिचे बाबा ना?" कॅप्टननं विचारलं. "आज बाबा येणार म्हणून सकाळपासून नुसती उड्या मारत होती."

थोरलीनं आपली टाळी पाहिली नसावी, एवढाच चोरटा विचार चष्मेवाल्यांच्या मनात आला, आणि त्याचीही त्यांना लाज वाटली.

थोरली शेवटी आली. आईनं तिला कवटाळलं. तिघं घराकडे निघाले.

"चुकलं माझं," वाटेत चष्मेवाले म्हणाले.

"आमचा खेळ तुम्हाला आवडत नाही, मला माहीत आहे बाबा. मलाही सगळा आवडत नाही. वेळ काढण्यावरून मी त्यांच्याशी भांडतेसुद्धा." ती थांबली. "तुम्ही दुकानात काय बोलता तेही कानावर येतं. त्याचं काही नाही. पण आज मी तिथं उभी होते ना?"

"हो."

"मग?"

घर आलं.

दुकानातल्या गप्पा आटल्या. कुणी काडी टाकलीच तर चष्मेवाले "मान सरळ ठेवा" म्हणत फ्रेम गिऱ्हाइकाच्या नाकावर बसवायचे.

पुढच्या हंगामात ते न सांगता मॅचला गेले आणि लांब कोपऱ्यात बसले. लाल संघ पुन्हा तसाच खेळला, आणि त्यांना तो खेळ पुन्हा तितकाच नावडला. मॅच संपल्यावर ते फाटकापाशी उभे राहिले. थोरली मैत्रिणींबरोबर बाहेर आली, त्यांना बघून थबकली, आणि खांद्यावरची चिखलानं माखलेली बॅग त्यांच्याकडे देत म्हणाली, "धरा."

एवढंच बोलून ती मैत्रिणींशी हसत पुढे निघाली. चष्मेवाले बॅग सांभाळत, थोडं अंतर ठेवून, मागून चालू लागले.